पुढील आदेशापर्यंत

आदेशात तीन महिने लिहिले होते
आणि खाली, बारीक टायपात, 'किंवा पुढील आदेशापर्यंत'.
मी फक्त वरची ओळ वाचली.
डबा आणला, पाण्याची बाटली आणली,
खुर्चीवर टाकायला उशी नाही आणली.
उशी दुसऱ्या वर्षी आणली.

सिव्हिल लाइन्समधल्या या खोलीत
माझं टेबल कूलरच्या बगलेला आहे.
वारा समोर सहारेबाबूंकडे जातो,
मला ओल्या वाळ्याचा वास येतो,
पंपाची घरघर येते.

कुहीच्या पुढच्या त्या दोनशिक्षकी शाळेत
मस्टरवर अजून माझं नाव आहे:
पराते एस. डी., अनुक्रमांक दोन.
रोजच्या चौकोनात हेडसर लाल शाईनं
लिहितात 'कार्या.'
लय तेवढी चौकोनात मावत नाही.

पगार तिकडून निघतो, हजेरी इकडून जाते.
साहेब वीस तारखेला सही करतात,
दौऱ्यावर असले तर चोवीसला,
तोवर तिकडचं बिल गेलेलं असतं.
घरभाडं खेड्याच्या दरानं मिळतं,
खोली मात्र मानेवाड्यात.
किराणावाला विचारतो, मास्तरीणबाई, तुम्ही नेमक्या कुठच्या?
मी म्हणते, लिहून ठेवा.

मे महिन्यात शाळेला कुलूप.
इथे पंचेचाळीस डिग्री, आणि मी
पटसंख्येचे तक्ते जुळवत बसलेली.
रजा मागितली तर इकडचे म्हणाले,
तुम्ही दीर्घ सुट्टीवाले, तुम्हाला अर्जित रजा कशी?
तिकडचे म्हणाले, तुम्ही शाळेत नव्हत्या,
तुम्हाला सुट्टी कशी?
दोघंही नियम दाखवत होते.
दोघांच्या नियमाला एकच क्रमांक होता.

मग गणित घातलं मी स्वतःला,
चौथीच्या पोरांना घालायचे तसं:
पूर्ण सुट्टीचे दिवस इतके,
त्यातले कामात गेले इतके,
तर रजा किती?
पोरांना रीत यायची. मलाही येते.
पण उत्तराखाली सही कोणाची
ते पुस्तकात मागे दिलेलं नाही.

गेल्या मंगळवारी सहारेबाबू हसत आले.
'मॅडम, तुमचा अर्ज तुमच्याच टेबलावर मार्क झाला जी.'
उघडून पाहिलं. खरंच होता.
आस्थापनेचं काम माझ्याकडेच, दुसरं कोणी नाही.
'आता काय करून राहिले?'
'टिप्पणी लिहून राहिली.'

सादर.
श्रीमती पराते यांनी सुट्टीत काम केल्याबद्दल
अर्जित रजा खाती जमा करण्याची विनंती केली आहे.
काम केल्याचे प्रमाणपत्र जोडलेले दिसत नाही.
करिता अर्जदारास त्रुटीपूर्ततेबाबत कळवावे काय?

पुन्हा वाचताना दिसलं,
अर्जदाराने 'त्रुटी' ऱ्हस्व लिहायची ती दीर्घ लिहिली होती.
सवयीनं लाल पेनानं गोल केला.
मग लक्षात आलं, अर्जही माझा, गोलही माझा,
आणि पत्र मला मीच पाठवणार,
जावक क्रमांक टाकून.

संध्याकाळी एका पालकाच्या फोनवरून प्रज्योत बोलला.
निघाले तेव्हा दुसरीत होता,
जोडाक्षरं अर्धी राहिली होती, क्ष यायचा होता.
आता चौथीत आहे, आवाज जाड झालाय.
'बाई, तुम्ही आमच्या शाळेतून गेल्या का?'
नाही रे, म्हटलं, कागदावर तिथेच आहे.
'मग दिसत काऊन नाही?'

फोन ठेवल्यावर रिकाम्या ऑफिसात
पाठकोऱ्या कागदावर मी एक शब्द फोडून लिहिला,
जसा फळ्यावर लिहिते:
का, र् ला य, मु, क् ला त.
मोठ्यानं वाचला.
पंपाची घरघर मधेच थांबली,
टाकीतलं पाणी संपलं होतं.
शिपाई गेला होता, म्हणून बादली मीच भरली.